बांबालीचा सादियो



आज फुटबॉलवर बोलणार आहे. हसू नका, गोष्ट आपल्यासारख्याच घरातली आहे.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सेनेगल देश आहे. तिथल्या बांबाली गावात 1992 साली सादियो माने जन्मला. तो सात वर्षांचा असताना वडील आजारी पडले. गावात दवाखाना नव्हता. वडील गेले. त्याच्या बहिणीचा जन्मही घरीच झाला. दवाखाना लांब असला की काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

फुटबॉलसाठी पोरगा आईला न सांगता राजधानी डाकारला पळाला. हे मला पटत नाही, त्या माउलीच्या जिवाला किती घोर लागला असेल. घरच्यांनी शोधून परत आणलं. मग शाळेचं वर्ष पुरं करायच्या बोलीवर त्याला जाऊ दिलं. पैशासाठी शेतातलं पीक विकलं. डाकारला निवड चाचणीत तो फाटक्या बुटांनी खेळला, तरी निवडला गेला. 2011 मध्ये फ्रान्सच्या मेत्स क्लबात, पुढे ऑस्ट्रिया आणि 2014 पासून इंग्लंड. लिव्हरपूलकडून खेळून जगभर नाव झालं.

सगळ्यांचं असं होत नाही हं. बरीच पोरं देशातल्याच क्लबात राहतात आणि तिथे पगार तोकडा. म्हणून परदेशाची ओढ.

सादियोने गावातल्या शाळेला पैसा दिला. 2021 मध्ये त्याच्या पैशातून बांबालीत दवाखाना उघडला. तिथे आता बाळंतपणाचीही सोय आहे.