अंगावर पाजताना कच्ची मासळी

बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं, की त्याच्या आईचे खाण्यापिण्याचे प्रश्न सुरू होतात. पूर्वी आमच्या किनारपट्टीवर प्रश्न असायचा, ‘बांगडा कधीपासून खाऊ?’ आता पुण्या-मुंबईच्या आणि परदेशी राहणाऱ्या मुली विचारतात, ‘डॉक्टर, बाळ अंगावर पितंय. सुशी चालेल का?’ आणि सुट्टीत गावी आलेली एखादी विचारते, ‘खडकावरची कालवं खाल्ली, लिंबू पिळून. आता बाळाला पाजू ना?’ दोघींच्या मनात भीती एकच आहे: आपण कच्चं खाल्लं ते दुधात उतरेल का?

आधी या भीतीबद्दल सांगते. मासळीतल्या कृमी दुधात उतरत नाहीत. पोट बिघडवणारे जंतूही आईच्या आतड्यातच राहतात, दुधापर्यंत सहसा पोचत नाहीत. गरोदरपणाची गोष्ट निराळी होती. लिस्टेरिया नावाचा जंतू वारेतून थेट गर्भापर्यंत जाऊ शकतो, म्हणून तेव्हाचं पथ्य कडक. बाळ जन्मलं, वार पडली, की तो रस्ता बंद होतो. तरीही कित्येक घरांत ते नऊ महिन्यांचं पथ्य तसंच पुढे ओढलं जातं आणि आईच्या ताटात मऊ भात आणि वरण एवढंच उरतं. हे मला मनापासून खटकतं. मासळीतली चांगली चरबी दुधात उतरते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागते. ती आईच्या तोंडून काढून घेऊ नका.

मग कच्च्या मासळीत धोका कुणाला? आईला. रात्री तीनदा उठणारी, अंगातलं पाणी दुधावाटे देणारी बाई जुलाब-उलट्यांनी आडवी झाली, की दोन जीवांचे हाल होतात. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: कुठली कच्ची मासळी, आणि ती कशी ठेवलेली?

माशांत मुख्य भीती ॲनिसाकिस या कृमीची. पांढरी, दोऱ्यासारखी, दोनेक सेंटिमीटरची अळी. खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळ येते. तिच्यावर उपाय गोठवण्याचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून १५ तास, असा आहे. घरच्या फ्रीजरवर यासाठी भिस्त ठेवू नका. दार सतत उघडतं, वीज जाते. बाजारातल्या बर्फावरची मासळी तर गोठवलेली नसतेच, ती फक्त गार असते. लिंबू किंवा व्हिनेगर लावल्यानं मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, पण अळी जिवंत राहू शकते. तेव्हा हॉटेलात बसल्यावर स्पष्ट विचारा: मासा आधी गोठवला होता का? आज कापला का? उत्तर देताना वाढपी चाचरला, तर त्या दिवशी शिजवलेलं काहीतरी मागवा. आणि पार्सलचा डबा उन्हातून फिरवत आणू नका. गोठवण्यानं कृमी मरतात, जंतू मरत नाहीत. उष्णता मिळाली की ते पुन्हा वाढायला लागतात.

आता कालवं, तिसऱ्या, खुबे, शिणाणे. इथे माझं मत ठाम आहे: पाजत असताना कच्चे शिंपले नकोत. गोठवलेलेही नकोत, लिंबू पिळलेलेही नकोत.

कारण त्यांच्या जगण्यातच आहे. कालव जागचं हलत नाही. ते पाणी आत ओढतं, गाळणीसारखं गाळतं आणि त्यातलं अन्न ठेवून घेतं. खाडीत गावाचं सांडपाणी येत असेल, तर त्यातले विषाणूही आत साठतात. शिवाय आपल्यासारख्या कोमट समुद्रात व्हिब्रिओ जातीचे जंतू मुळातच असतात, पाणी कितीही निळं दिसलं तरी. त्यांतला एक, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, १९५० साली जपानमध्ये ओसाकाला सापडला. बारीक मासळीच्या खाण्यातून २७२ माणसं आजारी पडली होती आणि २० दगावली होती. त्याचा भाऊबंद व्हिब्रिओ व्हल्निफिकस, यकृताचा आजार असलेल्यांच्या जिवावरच उठतो.

पण मला विशेष आठवण करून द्यायची आहे ती शांघायची. १९८८ च्या सुरुवातीला त्या एका शहरात तीन लाखांच्या आसपास लोकांना कावीळ झाली, हिपॅटायटिस ए. कारण निघालं शिंपले. तिथली पद्धत अशी, की शिंपल्यांवर उकळतं पाणी ओतायचं, तोंड उघडलं की खायचे. आतलं मांस अर्धवट कच्चंच. सांडपाण्यातून आलेला विषाणू त्यात शाबूत होता.

हे नीट ध्यानात घ्या. शिंपला उघडला म्हणजे शिजला, असं नसतं. तोंड उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं खळखळ उकळू द्या. आपल्याकडे तिसऱ्या विळीवर उघडून एकशिपी करतात, त्यातही वाटणात घातल्यावर चांगली उकळी हवी. आणि ज्या विळीवर, ज्या हातांनी मासळी केली, त्याच हातांनी बाळाला घेऊ नका. आधी साबण लावा. बाळापर्यंत जंतू पोचण्याचा खरा मार्ग हाच आहे.

पाऱ्याबद्दल थोडक्यात. पारा शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. मोठा मासा लहान माशांना खातो आणि त्यांचा पारा त्याच्यात साठत जातो. दुधातून तो वारेइतका जात नाही, तरी थोडा जातो. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी, म्हणजे मोरी, आवर्जून करून घालतात. त्यामागची माया मला ठाऊक आहे. पण ती शार्कच. पाजत्या आईनं शार्क आठवड्यातून एकदाच खावी, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. अमेरिकेतला सल्ला ती टाळावी असा आहे. सासूबाईंनी करायचीच म्हटली, तर लहान मोरी आणि क्वचित. एरवी बांगडा, तारली, मांदेली यांनी तेच काम होतं. सुशीतही मोठ्या ट्यूनापेक्षा सॅमन किंवा कोळंबी घ्या.

आणि एवढं सगळं सांभाळूनही पोट बिघडलं तर? पाजणं थांबवू नका. घरातली मोठी माणसं मायेपोटी म्हणतात, ‘आजारी आहेस, दूध बाधेल.’ बाधत नाही. उलट त्या दुधातून आजाराविरुद्धची प्रतिद्रव्यं बाळाला मिळतात. हात धुवा, पाजत राहा, घोट-घोट जलसंजीवनी घेत राहा. काविळीतही पाजता येतं. मात्र शिंपल्यांतून आलेली कावीळ खाल्ल्यावर साधारण महिन्याभरानं दिसते, म्हणून मागचं खाणं आठवून सांगा. जोराचा ताप आला, शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे वाटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना बाळाला बरोबर न्या आणि काही सांगायच्या आधी डॉक्टरांना हे सांगा, की तुम्ही अंगावर पाजताय. बहुतेक आजारांवर पाजताना चालतील अशी औषधं आहेत, ती त्यांना निवडता येतील.