हाक येण्याआधी दारात

 सभागृहातले कित्येकजण रात्रपाळी उरकून थेट इथे आले आहेत, याची स्वागत समितीला जाणीव आहे.

रुग्णवाहिकेवरची माणसे कोणी बोलावलेले नसताना घरी गेली तर काय साधते, हा या परिषदेचा विषय.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात लाँग आणि ब्रायर ही दोन बेटे आहेत. या शतकाच्या सुरुवातीला तिथली वस्ती हजार-बाराशेची, त्यात म्हातारी माणसे बरीच. डॉक्टर नव्हता. डिग्बीचे रुग्णालय गाठायचे तर फेरीबोट, आणि ब्रायरकरांना ती दोनदा घ्यावी लागते. रुग्णवाहिकेवरचे पॅरामेडिक मात्र चोवीस तास हजर, आणि कॉल तुरळक. तेव्हा तिथल्या आरोग्य यंत्रणेने हे मोकळे तास कामी लावले. आधी फ्लूची लस आणि रक्तदाब. मग ड्रेसिंग, रक्ताचे नमुने, मधुमेहींवर देखरेख. बेटावर जादा अधिकार असलेली परिचारिका, आणि फोनवर बाहेरगावचे डॉक्टर. काही वर्षांतच बेटकऱ्यांच्या रुग्णालयाच्या तातडीच्या फेऱ्या घटल्या.

त्याच देशातल्या ऑन्टारिओ प्रांतात मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉ. जीना अगरवाल यांनी पुढचे पाऊल टाकले. कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीच्या सरकारी अनुदानित इमारतींत, तळमजल्यावरच्या सामायिक खोलीत, पॅरामेडिक ठरलेल्या दिवशी बसू लागले. रक्तदाब, मधुमेहाचा धोका, पडण्याची भीती हे तपासायचे आणि अहवाल कुटुंबाच्या डॉक्टरकडे धाडायचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असे केंद्र नसलेल्या इमारतींच्या तुलनेत तिथून रुग्णवाहिकेला येणारे कॉल सुमारे एक पंचमांशाने कमी भरले.

घरभेटीत घडते ते साधेच असते. हृदय कमकुवत झालेल्या आजीचे वजन चार दिवसांत दोन किलोने वाढलेले दिसते. घोट्यावर बोट दाबले की खळगा पडतो. डब्यात दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली एकच गोळी निघते. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पायपुसणे सरकते. डॉक्टरांना फोन होतो, गोळी बदलते, पायपुसणे उचलले जाते. मध्यरात्री दम लागून होणारी धावपळ अशी टळू शकते, आणि तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. या कामाला पैसा मिळवणे अवघड जाते ते मुख्यतः यामुळेच, असे समितीला वाटते.

महाराष्ट्राला दारावर जाणारी आरोग्यसेवा नवी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या घरोघरच्या नवजात बालसेवेने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये जगासमोर आले. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे, आणि तिच्या गाड्यांवर डॉक्टरही असतो. गावात आशाताई आहे. या दोघांची गाठ मात्र बहुधा बाळंतपणाच्या किंवा अपघाताच्या घाईतच पडते.

ही गाठ घाई नसतानाही पडावी, ही समितीची मनापासूनची इच्छा आहे. त्यासाठी परिषदेच्या दोन दिवसांत तीन प्रश्नांची उत्तरे हवीत: गाडी भेटीला गेली असताना तातडीचा कॉल आला तर तो कोण घेणार, घरी पाहिलेले प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरपर्यंत कसे पोचणार, आणि या तासांचे मानधन कोणत्या खात्यातून निघणार. पहिले सत्र आशाताईंचे ठेवले आहे; त्यांनी निःसंकोच बोलावे.