वसुलीची वजावट



वसंतातल्या संध्याकाळी, वेण्णेकडून वारा सुटलेला असताना, श्रोत्यांना सरकारी तिजोरीचा हिशेब ऐकविणे हा थोडा जुलूमच आहे, हे आम्ही जाणून आहो. परंतु कचेरीत फी किंवा दंड भरून पावती खिशात घातली नाही असा गृहस्थ या मंडपात विरळाच. त्या रुपयातून वाटेत काय कापले जाते, एवढाच आजचा विषय.

वसूल करणाराने वाटा घ्यावा, ही रीत साताऱ्याला नवी नाही. शाहू छत्रपतींच्या काळी चौथाईची वाटणी ठरलेली होती. शंभरातले २५ राजाची बाबती, ६ पंतसचिवांचा साहोत्रा, ३ नाडगौडा आणि उरलेले ६६ मोकासा, म्हणजे फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. वाटा कागदावर होता, म्हणून त्यावरून भांडताही येत होते!

आता अलीकडचे पाहू. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी केंद्राने १९९६ साली उपकराचा कायदा केला. ५० लाखांच्या इमारतीवर शेकडा १ प्रमाणे मालकाने ५० हजार भरावयाचे. त्यातून वसुलीखर्च म्हणून शेकडा १ पर्यंत, म्हणजे फार तर ५०० रुपये कापून बाकीचे मजुरांच्या मंडळाला द्यावयाचे. ही वजावट आम्हांला मुळीच अवाजवी वाटत नाही. पावतीपुस्तके फुकट छापून येत नाहीत आणि कारकुनालाही घरसंसार आहे.

मोठी वजावट ती की जी कोठेच लिहिलेली नसते. वसूल रक्कम ३० दिवसांत मंडळाकडे पोचवावी, असा नियम १९९८ साली झाला. मालकाने भरणा लांबविला तर दरमहा शेकडा २ व्याजाचे कलम कायद्यात होते. ते मालकाला लागू होते. वसूल करणाऱ्या खात्यानेच मुदत चुकविली तर? त्या कलमात त्याचे नावही नव्हते. एक वर्ष रक्कम अडून राहिली, तर मालकाच्या मापाने तिचे व्याज शेकडा २४ होते. शेकडा १ वर आपण वाद घालतो आणि २४ कडे पाहतही नाही.

बरे, पैसा मंडळाकडे पोचला म्हणजे मजुराकडे पोचला असेही नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आकडे आले, ते असे: देशभर ३७,४०० कोटींहून अधिक उपकर गोळा झाला होता आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. त्यातही काही ठिकाणी लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे घेतली गेली. ज्याच्या घरी नळ नाही त्याला यंत्र काय कामाचे, हे कोणी विचारले नसावे.

जावळीच्या खोऱ्यातून मुंबईच्या कामावर जाणारी वाट जुनी आहे. म्हणून एवढेच सुचवितो. हा विषय आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला असला, तरी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आपल्या हाती आहेच. त्यात किती कापले हे विचाराच, आणि शेजारी दोन तारखा मागा: रक्कम वसूल केव्हा झाली आणि मंडळाकडे रवाना केव्हा झाली.