परिशिष्ट ड

(पार्ल्यातल्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापला आहे 'वैमानिकांच्या संघटना आणि त्यांचे करार'. संयोजक म्हणाले, विमानं रद्द झाली की लोक वैमानिकांवर चिडतात, तुम्ही त्यांची बाजू सांगा. सांगते. पण मी वैमानिक नाही. एका सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात मी 31 वर्षं काम केलं आणि वैमानिकाच्या घरात 38 वर्षं संसार केला. त्यामुळे कुठलाही करार मागच्या पानापासून वाचायची मला सवय आहे. आजचं व्याख्यानही बहुधा तसंच होईल.

इतिहास तुम्हाला माहीतच आहे. सप्टेंबर 2009मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच दिवशी आजारी पडले. (हशा) त्या आजारपणाचं कारण एवढंच, की संघटना बांधण्यावरून दोघांना कामावरून काढलं होतं. मग 2012 साली ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणावरून एअर इंडियातला 58 दिवसांचा संप. पार्ल्यात दर दोन इमारतींआड कुणीतरी विमानतळावर नोकरीला असतं, तेव्हा हे मी तुम्हाला नव्याने काय सांगणार? पुढे जाते.

(एक श्रोते : लाखोंचा पगार घेणाऱ्यांना संघटना कशाला हवी?)

विचारलंत ते बरं झालं. हा प्रश्न मी सोसायटीच्या जिन्यातही ऐकला आहे, लग्नाच्या पंगतीतही. पगार मोठा असतो, मान्य. पण त्यातला मोठा हिस्सा उड्डाणभत्त्याचा. उड्डाण थांबलं की तो गेला. दर वर्षी, साठीनंतर तर दर सहा महिन्यांनी, वैद्यकीय तपासणी. इसीजीत एक रेघ वेगळी आली की शिक्का बसतो, 'टेम्पररी अनफिट'. कारकुनाला मधुमेह निघाला तर तो गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी टेबलावर बसतो. वैमानिक घरी बसतो. ऑगस्ट 2023मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघालेले एक कॅप्टन गेटपाशीच कोसळले आणि गेले. चाळिशीचे होते. माझा आवाज क्षणभर चढला असेल, पण या माणसांना 'काय कमी आहे' असं म्हटलेलं मला सहन होत नाही.

आणि एक गोष्ट माझ्या खात्यातली. आपल्याकडच्या साध्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत अपवादांच्या यादीत एक कलम वर्षानुवर्षं आहे. विमानात झालेल्या अपघाताची भरपाई मिळते ती फक्त तुम्ही प्रवासी म्हणून बसला असाल तर. म्हणजे मागच्या 180 जणांनी ती पॉलिसी घेतली असेल तर त्यांना संरक्षण आहे, पुढे बसून विमान चालवणाऱ्याला नाही. त्याला वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. लायसन्स गेलं तर त्याची भरपाई देणारा 'लॉस ऑफ लायसन्स' विमाही वेगळा. हे किती वैमानिकांच्या घरी माहीत असतं? आमच्या घरी नव्हतं. मी क्लेम खात्यात असून नव्हतं.

(विमानाच्या आवाजामुळे व्याख्यान क्षणभर थांबले.)

उतरतंय ते. असो.

आमच्या घरची हकिगत थोडक्यात सांगते. ह्यांची कंपनी तेव्हा अडचणीत होती, पगार पंधरा-वीस दिवस उशिरा होत होते. संघटनेच्या बैठका आमच्याच दिवाणखान्यात व्हायच्या. विषय एकच, भत्त्याचा दर. मी चहा द्यायला जायची आणि ऐकायची. अशाच एका सकाळी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. हे तेव्हा दोहाला होते. मी आणि खालच्या मजल्यावरचे काका, आम्ही त्यांना रिक्षात घालू शकत नव्हतो, म्हणून अँब्युलन्स. इस्पितळात पोचल्यावर मी निश्चिंत होते. कार्ड पर्समध्ये होतं, कंपनीचं नाव ठळक छापलेलं. विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या खिडकीवरच्या मुलीने नंबर टाकला, पुन्हा टाकला आणि म्हणाली, "काकू, पॉलिसी इनअ‍ॅक्टिव्ह दाखवतंय."

मी तिला समजावू लागले की सिस्टीममध्ये चूक असेल. हे वाक्य 31 वर्षांत माझ्यासमोर किती जणांनी म्हटलं असेल! प्रत्येक वेळी मी शांतपणे सांगायची, "नाही हो, मुदत संपली आहे." त्या दिवशी ती मुलगी तेच शांतपणे मला सांगत होती. गटविम्याची मुदत सहा दिवसांपूर्वी संपली होती. कंपनीने हप्ता भरला नव्हता आणि कुणालाही कळवलं नव्हतं. अनामत दीड लाख मागितली. माझ्या खात्यात तेवढे नव्हते. शनिवार होता, बँका दुपारी बंद. स्ट्रेचरवर पडलेल्या सासूबाईंनी हातातल्या पाटल्या उतरवायला सुरुवात केली. हात सुजला होता, पाटली निघेना. नर्सने साबण लावून काढली. त्या एवढंच म्हणाल्या, "पोराला विमानात असताना सांगू नकोस."

(सभागृहात शांतता.)

मला हे इतकं लांबवायचं नव्हतं. ऑपरेशन नीट झालं, त्या पुढे अकरा वर्षं जगल्या. पण त्या रात्री मी कपाटातून ह्यांचा करार काढला. 42 पानं. पगाराच्या पानाला घडी घालून घालून चिरा गेल्या होत्या, इतक्या वेळा ते वाचलं गेलं होतं. विम्याचं पान कोरं करकरीत. परिशिष्ट ड. त्यावर एकच ओळ, 'कंपनीच्या प्रचलित धोरणानुसार वैद्यकीय विमा दिला जाईल.' किती रकमेचा? आईवडील धरून की सोडून? नोकरी गेली तर किती दिवस? काही नाही. 'प्रचलित धोरणानुसार' या दोन शब्दांवर आमचं सगळं घर उभं होतं. पुढच्या बैठकीत मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि हे बोलून दाखवलं. संघटनेचे चिटणीस भले गृहस्थ होते. म्हणाले, "वहिनी, आधी पगाराचं बघू." मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

का पटत नाही ते जेटच्या उदाहरणावरून पाहा. 17 एप्रिल 2019च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे त्यांचं शेवटचं. वैमानिकांना जानेवारीपासून पगार नव्हता. 'पगार नाही तर काम नाही' असा इशारा संघटनेने दिला, पुढे ढकलला. सगळ्या बातम्या थकलेल्या पगाराच्या. आणि महिनाअखेरीस, 30 एप्रिलला, गटविम्याची मुदत संपली. हप्ता भरायला कंपनीकडे पैसा नव्हता. ज्या घरी डायलिसिस चालू असेल, ज्या घरी सातवा महिना असेल, त्यांनी 1 मे रोजी काय करायचं? नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ. तेव्हा तो चार वर्षांपर्यंत असे, 2024पासून जास्तीत जास्त तीन वर्षं. थकीत देण्यांचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या अवसायनाचा आदेश दिला 7 नोव्हेंबर 2024ला. साडेपाच वर्षं. एवढं कुठलं इस्पितळ थांबतं?

यातला अन्याय बघा. 2017च्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडायची असेल तर बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. कंपनीला बंद व्हायला एक रात्र पुरते. मग माझी मागणी सोपी आहे. बारा महिने आम्हाला बांधून ठेवता, तर नोकरी संपल्यावर निदान सहा महिने कुटुंबाचा विमा चालू ठेवा, आणि त्याचा हप्ता आगाऊ भरून ठेवा. ही मागणी प्रत्येक संघटनेच्या यादीत पहिली असावी. पगारवाढीच्याही आधी.

अमेरिकेतही हेच घडलं, निवृत्तिवेतनाच्या बाबतीत. युनायटेड एअरलाइन्स दिवाळखोरीत गेली, 2005मध्ये तिने पेन्शन योजना सरकारी हमी महामंडळावर सोपवल्या. त्या वर्षी त्या हमीची वार्षिक कमाल मर्यादा पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला साधारण 45,600 डॉलर, साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला साधारण 29,600 डॉलर. आणि तेव्हा कायद्यानेच वैमानिकाला साठाव्या वर्षी उतरवत असत! वयाची ती अट पासष्ट झाली डिसेंबर 2007मध्ये. हडसन नदीवर विमान उतरवून 155 जणांना वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर महिन्याभराने अमेरिकन काँग्रेसपुढे गेले, तेव्हा त्यांनी शौर्याइतकंच हेही सांगितलं की त्यांचा पगार 40 टक्क्यांनी घटला आहे आणि पेन्शन गेली आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली. (हशा) मग भराभर सांगते, लिहून घ्या.

घरचा स्वतःचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाचा एकत्रित आरोग्य विमा, आजच घ्या, सगळे धडधाकट असताना. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, तेव्हा कराची सबब उरली नाही. आईवडिलांची पॉलिसी वेगळी काढा, त्यांचं वय तुमचा हप्ता वाढवतं. नोकरी सोडताना गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करता येतो, मात्र मुदतीच्या आत. तपासणी होते, नकारही येऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. नवऱ्याने आयुर्विमा घेताना 1874च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्यावा. ते पैसे मग बायकोमुलांचे, धनकोंना त्या पैशांना हात लावता येत नाही. एजंट हे आपणहून सांगत नाही, फॉर्म मागावा लागतो.

शेवटची चिठ्ठी. एका मुलीने लिहिलं आहे, 'माझ्या नवऱ्याला पुढच्या आठवड्यात एका एअरलाइनच्या करारावर सही करायची आहे. मी काय विचारू?'

बाळा, त्याला सांग की सही करण्याआधी विम्याचं परिशिष्ट पूर्ण मागून घे. त्यात रक्कम, कुणाकुणाचा समावेश आणि नोकरी संपल्यावर किती दिवस, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. 'प्रचलित धोरणानुसार' एवढंच असेल तर सही करू देऊ नकोस. आणि आत्ता कार्यक्रम संपल्यावर मला भेट. मी त्या दाराशी थांबते, आपण तो करार बसून वाचू.