हिवाळ्यापूर्वी ये

(संस्थेच्या आधारदात्यांच्या डिसेंबरमधील मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला विषय दिला आहे, हिवाळ्याच्या दिवसांत मन खचू न देता आशा कशी टिकवावी. काहींना वाटेल, आपल्याकडे हिवाळा हा तर सुखाचा काळ. हुरडा, बाजरीची भाकरी, लग्नसराई आणि नाताळ. खचायचं कशाला? पण मी जिथे काम करते तिथे, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर, दिवाळी ते होळी हा काळ मनाला फार जड जातो. पावसाळ्यात पोट रिकामं असतं, हिवाळ्यात घर रिकामं होतं.

दिवाळीच्या सुमारास पीक हाती येतं आणि मागोमाग मुकादमाची गाडी येते. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयतेच्या कोयते सुरत, बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, कुणी कापूस वेचायला सौराष्ट्रात जातं. लहान लेकरं आईबापाबरोबर पडावावर, मोठी आश्रमशाळेत. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि एखादी दिवस भरत आलेली बाई. सातपुड्यात घरं एकमेकांना लागून नसतात. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. शेजार म्हणजे हाक मारली तर ऐकू येईल इतकं अंतर, आणि हाकेला ओ द्यायला तिथे कुणी नसतं. सूर्य लवकर डोंगराआड जातो. डाब, मोलगीच्या भागात एखाद्या पहाटे दवाचा बर्फ होतो. कुडाच्या भिंतीतून वारा आत येतो आणि रात्र संपता संपत नाही.

उत्तर युरोपात हिवाळ्याचा काळोख याहून खरा असतो. हेलसिंकीत डिसेंबरच्या शेवटी दिवस सहा तासांचाही नसतो. आपल्या नंदुरबारला सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. 1984 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काही माणसांना दर हिवाळ्यात ठरल्यासारखी उदासी येते. झोप वाढते, अंग जड होतं, कशातच रस वाटत नाही, आणि उन्हाळ्याकडे दिवस मोठे झाले की ती ओसरते. त्यावर सकाळच्या वेळी प्रखर उजेडासमोर बसवण्याचा उपचार करतात. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीरातलं घड्याळ जागेवर येतं.

हे मी मुद्दाम सांगते. त्या लोकांना उजेडासाठी यंत्र विकत घ्यावं लागतं. आपल्याकडे तो दाराबाहेर फुकट पडलेला असतो. पण खचलेलं माणूस दाराबाहेरच येत नाही. आमच्या कामातली खरी अडचण तीच आहे.

मागच्या जानेवारीत एका पाड्यावरच्या आशाताईंनी निरोप दिला की एक आजी चार दिवसांत हापशावर दिसली नाही. आम्ही दोघी गेलो. अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि दार लोटलेलं होतं. आत आजी विझलेल्या चुलीपाशी बसली होती. ताप नव्हता, खोकला नव्हता. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं होतं, डाळ होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला, नातू आश्रमशाळेत. मी विचारलं, "आजी, जेवलीस का?" ती म्हणाली, "कोणासाठी रांधू?"

बंधुभगिनींनो, धान्य घरात असताना माणूस उपाशी राहू शकतं, हे लक्षात ठेवा. आपण ब्लँकेटं पाठवतो, धान्य पाठवतो, ते हवंच. पण 'कोणासाठी' या प्रश्नाचं उत्तर पोत्यात भरून पाठवता येत नाही.

अशा वेळी आपल्या मंडळीत पटकन काय बोललं जातं? "विश्वास कमी पडतोय. प्रार्थना वाढव." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पवित्र शास्त्रात देवाने एलीयाशी असा व्यवहार केलेला नाही. 1 राजे 19 वा अध्याय घरी जाऊन वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, ईजबेलीच्या एका धमकीने रानात पळून गेला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला रागावलं नाही, उपदेशही केला नाही. आधी त्याला झोपू दिलं. मग दूताने त्याला हात लावून उठवलं, तर उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा जेवायला लावलं. त्यानंतर तो चालला. देवाची वाणी त्याला ऐकू आली ती होरेबवर पोचल्यावर. तिथे देवाने त्याला काम दिलं, तो एकटा नाही हे सांगितलं आणि सोबतीला अलीशा दिला. झोप, जेवण, चालणं, काम, सोबत. क्रम पाहा. देवाने आधी शरीराकडे पाहिलं.

आम्हीही आजीला काही समजावलं नाही. माझ्या सहकारी बाईंनी चूल पेटवली, भाकरी टाकल्या. मी बाज उचलून अंगणात उन्हात टाकली. आजीला तिथे बसवलं आणि तिघी जेवलो. निघताना तिला विचारून छोटी प्रार्थना केली. आजी आपल्या मंडळीतली नाही. तिचे देव वेगळे, आणि मदतीसाठी आम्ही कुणाला धर्म विचारत नाही.

पण एक दिवस जेवल्याने हिवाळा सरत नाही. म्हणून तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, रोज सकाळी आजीने बाज स्वतः उन्हात काढायची. बरं वाटो न वाटो. खालच्या घरचा एक मुलगा बकऱ्या घेऊन जाताना बाज बाहेर आहे का ते बघतो. नसेल तर हाक मारतो. दुसरी, चूल रोज पेटली पाहिजे, निदान एक वेळ. ती भाकरी जिच्यासाठी करायची तीही ठरवून दिली. पलीकडच्या टेकाडावर एक आंधळी म्हातारी एकटी होती. आजीने एक भाकरी तिला न्यायची. 'कोणासाठी' याचं उत्तर असं शेजारीच निघालं.

तिसरी गोष्ट फोनची. पाड्यावर रेंज नाही, वरच्या टेकडीवर मिळते. आम्ही पडावावर मुलाला निरोप धाडला की रविवारी दहा वाजता त्याने फोन करायचा, आजी टेकडीवर असेल. पहिल्या रविवारी फोन आलाच नाही. रात्रभर ट्रक भरून पोरगा झोपला होता. मला वाटलं, आजी आता पुन्हा दार लोटून बसणार. पण ती म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ." त्या रविवारी फोन आला. पाच मिनिटं बोलणं झालं, त्यातली चार मिनिटं शेळीबद्दल. शेळी व्याली होती, दोन करडं झाली होती. मुलाने विचारलं, रंग कोणता. परत उतरताना आजी मला तीच गोष्ट तीनदा सांगत होती.

विचार करा, त्या एका फोनसाठी आजी सकाळच्या उन्हात टेकडी चढली. ऊन मिळालं, चालणं झालं, आपल्या माणसाचा आवाज ऐकला आणि पुढच्या रविवारची वाट पाहायला कारण मिळालं. फेब्रुवारीपर्यंत त्या टेकडीवर दर रविवारी पाच-सहा म्हातारी माणसं जमू लागली. ज्याचा फोन येत नसे तोही यायचा. आजी पौर्णिमा मोजत होती. पौषाची गेली, माघाची गेली, फाल्गुनाची आली की होळी, आणि होळीला ऊसतोडीची माणसं घरी येतात. पळस फुलला तसं तिने घर सारवायला काढलं.

मी सगळंच गोड करून सांगणार नाही. त्या टेकडीवर येणारे एक बाबा होळीच्या आधीच वारले. मुलगे दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. पण शेवटच्या रात्री बाबांपाशी टेकडीवरची तीन माणसं बसून होती. त्यांना पाणी पाजायला हात होता. सगळं ठीकच होईल, असं वचन मी कुणाला देऊ शकत नाही. कुणी एकटं राहू नये एवढं मात्र आपल्या हातात आहे, आणि आशा तिथूनच सुरू होते असं मी कामातून शिकले.

आता आपल्याकडे वळते. इथे बसलेल्या कितीतरी जणांची मुलं पुण्यात, दुबईत, कॅनडात आहेत. नाताळात घर भरतं. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दारातला तारा उतरवला जातो, बॅगा भरल्या जातात, आणि त्या संध्याकाळी घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. सातपुड्यातली आजी आणि आपण त्या संध्याकाळी सारखेच असतो. म्हणून जे तिला सांगितलं तेच आपल्याला सांगते. मन तयार होण्याची वाट पाहू नका. उठल्यावर अर्धा तास उजेडात बसा किंवा चाला. एकट्यासाठी का होईना, ताजं रांधा आणि एक वाटी शेजारी द्या. आठवड्यातून एक फोन ठरलेल्या वेळी करा. आणि पुढची एक तारीख हातात ठेवा, मग ती महिला मंडळाची सभा असो की बागेत लावलेल्या वालाला शेंगा येण्याची.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन बुडालेलं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वासाचा प्रश्न काढत नाही, इथेही काढू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. शासनाची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लावावा अशी माझी पाळकसाहेबांना विनंती आहे.

शेवटी पौलाची आठवण करते. 2 तीमथ्य हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिलं. देमास सोडून गेला होता, इतर दूर होते, फक्त लूक जवळ होता. मरण जवळ आल्याचं त्याला ठाऊक होतं. त्याच्याएवढी आशा कुणाला होती? तरीही शेवटच्या अध्यायात तो तीमथ्याला काय लिहितो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तकं आण. मार्कालाही बरोबर आण. आणि शक्य तर हिवाळ्याआधी ये. एवढ्या मोठ्या प्रेषिताला ऊब मागायला, सोबत मागायला लाज वाटली नाही. आपल्याला का वाटावी?

पण पौलाने मागितलं, कारण येईल असा एक तीमथ्य त्याला होता. आपल्या ब्लँकेटांनी त्या झग्याचं काम दर वर्षी केलं आहे, त्याबद्दल पाड्यांच्या वतीने आभार. या वर्षी माझी मागणी जास्त आहे. आपल्या मंडळीतल्या घराबाहेर न पडणाऱ्या एका माणसाचं नाव आज लिहून घ्या आणि जानेवारीत दर आठवड्याला त्याच्या घरी जा. आणि ज्यांना जमेल त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत दोन दिवस आमच्याकडे या. काही आणलं नाही तरी चालेल. रविवारी दहा वाजता टेकडीवर बसा, शेळ्यांच्या गोष्टी ऐका.

ज्या देवाने एलीयाच्या उशाशी भाकर ठेवली, तो या हिवाळ्यात आपल्याला कुणाच्या तरी दाराशी पाठवो. आमेन.