समुद्रातून आलेली आकाशवाणी



'आकाशवाणी' हे नाव आज साऱ्या देशाचे झाले आहे. पण नभोवाणी केंद्राला ते प्रथम लाभले ते म्हैसुरात. १९३५ साली येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी एक लहानसे खासगी केंद्र उभारले, त्याचे हे नाव. आकाशातून येणारी वाणी ऐकण्याची आपल्याला सवय झाली आहे. आज तिच्या उलट प्रवासाची, म्हणजे समुद्रातल्या प्राण्याने आकाशाकडे धाडलेल्या संदेशाची, हकीकत सांगावयाची आहे.

कासवी दूर राहून केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करते, ही समजूत आपल्या संतवाङ्मयात मायेचा दाखला म्हणून वारंवार येते. प्रत्यक्षातली ऑलिव्ह रिडले जातीची कासवी मात्र रात्री कोकणच्या वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि मागे वळूनही न पाहता पाण्यात शिरते. ती अंडी राखण्याचे काम वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने केले. त्यामुळे कासवीचे किनाऱ्यावरचे घटका-दोन घटकांचे आयुष्य आपल्या चांगल्या परिचयाचे झाले. उरलेले सारे आयुष्य ती कोठे घालविते, हे कोणी सांगावे?

ते तिनेच सांगावे, अशी योजना २०२२ च्या आरंभी झाली. महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळास, आंजर्ले व गुहागर येथे पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे चिकटविली. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशी त्यांची नावेही ठेवली. सरकारी कागदात असा नामकरणविधी क्वचितच आढळतो, म्हणून मला त्याचे विशेष कौतुक वाटले.

खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी फार दूर जात नाहीत. तेव्हा कासवी बुडी मारून असेतो यंत्र मुकेच असते. पण श्वासासाठी तिला वर यावेच लागते. पाठ पाण्याबाहेर येताच यंत्रातली कळ आपोआप जुळते व क्षणार्धाचा संकेत सुटतो. सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह तो टिपतो. आगगाडी जवळ येताना तिची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते आणि दूर जाताना उतरते. तसाच फरक या संकेतात पडतो व त्यावरून कासवीचे ठिकाण गणिताने काढतात. तापमान व खोली मोजण्याची सोय असेल, तर समुद्राच्या पोटातली वार्ताही त्याबरोबर येते.

याचे मोल केवढे, हे दक्षिण ध्रुवाकडे दिसून आले. उपग्रहाला समुद्राची त्वचा तेवढी दिसते, आणि हिवाळी बर्फात जहाज नेणे दुष्कर. तेथे हत्तीसीलांच्या डोक्यावर तापमान व क्षारता मोजणारी यंत्रे बसविली. हा प्राणी शेकडो मीटर खोल सहज बुड्या मारतो. केप डार्नलीजवळ अतिथंड, जड पाणी तयार होऊन महासागराच्या तळाशी उतरते, हा शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पुराव्यात या सीलांचा वाटा मोठा होता.

कोकणच्या पाचही यंत्रांचा आवाज मात्र पुढे एकेक करून थांबला. यंत्र थांबले म्हणजे कासवी मेली, असे नव्हे. विद्युत्घट संपतो, तार मोडते, चिकटविलेले यंत्र सुटून पडते. कदाचित ती जाळ्यात गुदमरलीही असेल. या मौनाचा अर्थ लावताना उतावीळ होऊ नये; तसेच, पाच कासवींच्या वाटा म्हणजे साऱ्या जातीची वाट, असेही धरून चालू नये.

शासनात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या नकाशांत दुसरीच गोष्ट दिसते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कासवीला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढची केंद्राच्या. एका राज्याची हद्द संपली की दुसऱ्याची सुरू. वाळूतल्या अंड्यांना राखणदार आहे. आईची वाट मात्र या सर्व हद्दी ओलांडीत, ट्रॉलरच्या जाळ्यांमधून जाते. तिच्यासाठी टिपण कोणत्या कार्यालयाने मांडावयाचे? निदान ती कोठून जाते हे ठाऊक असल्याखेरीज ते टिपण लिहिताच येणार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोन माद्यांवर यंत्रे बसविली. त्यांपैकी 'बागेश्री' दक्षिणेकडे निघाली आणि काही महिन्यांत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्याच वाळूवर एक मादी अंडी घालण्यास आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाची धातूची साधी पट्टी होती. ती पट्टी २०२१ साली ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लावलेली होती. पट्टीने प्रवासाची दोन टोके सांगितली. मधली जवळजवळ चार वर्षे ती कोणत्या पाण्यात होती, हे सांगणारे यंत्र तिच्या पाठीवर नव्हते.