जबाबदारी आणि अखत्यार : परिचर्येच्या व्यवसायासंबंधी काही विचार



ज्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी इतिहास, अर्थकारण आणि साहित्य यांविषयी अधिकारी वक्त्यांचे विचार ऐकत आला आहात, त्या व्यासपीठावरून रुग्णालयातील परिचारिकेविषयी बोलण्याची संधी चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून सरकारी नोकरीत रुजू होऊन अधिसेविका, म्हणजे मेट्रन, म्हणून मी निवृत्त झाले, आणि या दोन हुद्द्यांच्या मधल्या काळात जे पाहिले, जे सोसले आणि ज्याचा विचार करणे भाग पडले, त्यातूनच आजचे विवेचन उभे राहिले आहे. आपल्या देशात परिचारिकांची वाण आहे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु या वाणीच्या मुळाशी निर्णयाच्या अखत्याराची वाण आहे, आणि ही दुसरी वाण भरून काढल्यावाचून पहिली कधीही भरून निघणार नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या आरोग्यविषयक समितीने १९४६ साली जो अहवाल सादर केला, त्यात त्या वेळच्या हिंदुस्थानात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका असल्याची नोंद आहे. म्हणजे डॉक्टरांच्या मानाने परिचारिकांची संख्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतकी होती. जगात जेथे जेथे आरोग्यव्यवस्था सुस्थिर झाली, तेथे परिचारिकांची संख्या डॉक्टरांहून पुष्कळ अधिक असते. आपल्याकडे ते प्रमाण उलटे झाले होते आणि त्याची कारणे वैद्यकशास्त्रात नसून आपल्या समाजरचनेत होती. परक्या माणसाच्या शरीराला, त्याच्या मलमूत्राला आणि रक्ताला हात लावणे हे ज्या समाजाने खालच्या मानलेल्या जातींच्या माथी मारले होते, ज्या समाजात तरुण स्त्रीने रात्री घराबाहेर राहणे हाच तिच्या चारित्र्यावरील आक्षेप ठरत होता, त्या समाजात परिचर्येचे शिक्षण घेण्यास पुढे येणाऱ्या स्त्रीचे धैर्य केवढे असले पाहिजे! १८९१ साली मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात शिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या इतिहासात पहिली भारतीय परिचारिका म्हणून नोंदले गेले आहे, पण महाराष्ट्रात ते किती घरांत ठाऊक आहे? पुढे पुण्यात सेवासदनाच्या द्वारे रमाबाई रानड्यांनी विधवांना आणि गरजू स्त्रियांना या शिक्षणाकडे वळविले. समाजाची नाराजी पत्करून, मुलींच्या राहण्याची सोय करून, आणि त्यांच्या पाठीशी आपल्या प्रतिष्ठेचे वजन उभे करून त्यांनी जे काम केले, त्यालाच मी परिचर्येतील नेतृत्व म्हणते, जरी रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिवा आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. त्यांच्या मेजावरील आकडेवारीचे कागद मात्र फारसे कोणी आठवत नाही. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर त्यांनी सैन्यातील मृत्यूंचे तक्ते मांडले आणि जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक शिपाई दगावले, हे सरकारला पटवून दिले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली, तेव्हा त्यांचा मोठा आग्रह होता तो असा, की परिचारिकांवरचा अंमल त्यांच्यापैकीच एका शिक्षित, अनुभवी स्त्रीच्या हाती असावा, आणि परिचर्येच्या शिस्तीत डॉक्टरांनी किंवा रुग्णालयाच्या कारभाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. हिंदुस्थानात आपण त्यांचा दिवा घेतला. दरवर्षी १२ मे रोजी, त्यांच्या जन्मदिनी, तो भक्तिभावाने पेटवितो. पण त्यांचा हा आग्रह मात्र आपण घेतला नाही.

आता आपणांस मी एखाद्या सरकारी रुग्णालयातील औषधवैद्यक विभागाच्या वॉर्डात रात्री नऊच्या सुमारास घेऊन जाते. खाटा तीस आहेत. रुग्ण पन्नासच्या घरात आहेत. खाटांच्या मधल्या जागेत गाद्या अंथरलेल्या आहेत. दुपारपाळीची सिस्टर रातपाळीच्या सिस्टरला ओव्हर देत आहे. एकेका रुग्णापाशी थांबून केसपेपर उघडला जातो : या आजोबांचे सलाईन किती उरले, त्या बाईंची लघवी किती झाली, पहाटे तीनला कोणाला इंजेक्शन द्यावयाचे, कोणाचे नातेवाईक रक्तपेढीकडे गेले आहेत ते अजून परतले नाहीत, कोपऱ्यातील मुलाचा श्वास संध्याकाळपासून उथळ झाला आहे म्हणून त्याच्याकडे नजर असू द्या. नंतर औषधांच्या कपाटाची किल्ली हातात येते, गुंगीच्या इंजेक्शनांची मोजदाद होऊन वहीत सही होते, चादरी, ब्लँकेटे, थर्मामीटर यांची गणती होते; एखादी चादर कमी भरली तर सकाळी लेखी खुलासा द्यावा लागतो. दुपारपाळीची सिस्टर निघून जाते, मदतनीस मावशींना दुसऱ्या वॉर्डात बोलावणे येते, आणि पन्नास माणसांच्या श्वासांची राखण करण्यास एकटी बाई उरते. चादरीबद्दल तिला जाब विचारणारी व्यवस्था, आज रात्री येथे किती परिचारिका हव्या होत्या, हे मात्र तिला कधी विचारीत नाही.

हा हिशेब अवघड नाही. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयांसाठी पाच रुग्णांमागे एक असे प्रमाण घातले आहे, शिवाय रजेच्या भरपाईसाठी ३० टक्के जादा पदे धरावीत असे म्हटले आहे. तीस खाटांच्या वॉर्डाला पहिल्या प्रमाणाने दहा परिचारिका मिळाल्या, असे धरून चला. ही जादा पदे बहुधा कागदावरच राहतात, म्हणून ती सोडून द्या. दहांतील दोन पदे रिकामी आहेत, उरल्या आठ. साप्ताहिक सुटीमुळे कोणत्याही दिवशी त्यांतील सातच कामावर, एखादी बाळंतपणाच्या वा आजाराच्या रजेवर, उरल्या सहा. तीन पाळ्यांत सहा म्हणजे पाळीला दोन, आणि त्यांतील एकीला अपघात विभागात पाठविण्याचा हुकूम आला की उरली एक. मंजुरी तीस खाटांची असते, गाद्या मात्र कोणत्याच मंजुरीत नसतात. हे गणित वॉर्डाची परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर, दर आठवड्याला ड्युटी लिस्ट लावताना बोटांवर करते. ते ज्यांनी करावयास हवे, त्यांच्या दप्तरी ते वर्षातून एकदा पदांच्या आढाव्याच्या रूपाने पोहोचते, आणि तेथेही परिसेविकेच्या सहीला काही किंमत नसते.

या गणिताची किंमत रुग्ण आपल्या प्राणांनी मोजतो. अमेरिकेतील लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली असे दाखविले, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेवरील रुग्णांत एकाची भर पडली की दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. पुढे युरोपातील नऊ देशांतही असेच दिसून आले. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून परिचारिकेमागील रुग्णसंख्येची कमाल मर्यादाच ठरवून टाकली आणि २००४ पासून तिचा अंमल सुरू केला. त्यासाठी तेथील परिचारिकांच्या संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. सरकारला हे आपण होऊन सुचले नव्हते.

आपल्याकडे परिचारिका संघटित नाहीत, असे नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९०८ पासून आहे. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील सरकारी परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा त्यांची एकजूट आपण पाहिली. परंतु संप हा शेवटचा उपाय झाला. रोजच्या कारभारात परिचारिकेचा शब्द कोठे चालतो? अधिसेविकेचे पद मिळते ते ज्येष्ठतेच्या यादीवरून, बहुधा निवृत्तीच्या उंबरठ्यावर. कारभाराचे शिक्षण तिला आधी कोणी देत नाही. अंदाजपत्रकात तिचे खाते नसते. नेमणूक, बदली, बढती यांच्या तजविजी दुसरीकडे ठरतात. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस या साऱ्याचा विचार करून परिचर्येची स्वतंत्र प्रशासकीय यंत्रणा उभी करावी, अशी शिफारस केली होती. त्यानंतर किती सरकारे आली आणि गेली! १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो मुख्यतः शिक्षण आणि नोंदणी यांसंबंधी आहे. रात्री नऊ वाजता वॉर्डात कितीजणी असाव्यात, हे त्याने ठरणार नाही.

अखत्यार मिळाला तर परिचारिका काय करतील, अशी शंका कोणाच्या मनात असेल, तर त्यांना मी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे उदाहरण देते. १९७३ साली तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि त्या २०१५ च्या मे महिन्यात निवर्तल्या तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्याच रुग्णालयात राहिल्या. त्यांना हलवून खाट मोकळी करण्याचा बेत जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो हाणून पाडला. ज्यांनी अरुणाताईंना चालता-बोलताना कधी पाहिलेही नव्हते, अशा परिचारिकांच्या पुढच्या पिढ्यांनी त्यांना भरविले, अंघोळ घातली, कुशीवर वळविले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची मुक्त कंठाने प्रशंसा केली. कोणत्याही परिपत्रकाने हे काम घडविलेले नव्हते. रुग्णाच्या हिताचा निर्णय परिचारिकांनी स्वतः घेतला आणि चार दशके निभावला. इतक्या निर्धाराच्या मंडळींना वॉर्डातील मनुष्यबळ ठरविण्याइतकाही अधिकार देऊ नये, हे मला न्यायाला धरून वाटत नाही.

खाजगी रुग्णालयांविषयी मी थोडक्यातच बोलते. पगार तुटपुंजा, आणि मुलगी सोडून जाऊ नये म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रे कपाटात बंद, हा प्रकार आपल्या शहरांनी पुष्कळ पाहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने लहानांतल्या लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांहून कमी वेतन असू नये आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, असे सुचविले. परंतु शिफारस ही शिफारसच राहते. मग आखाती देश, ब्रिटन, आयर्लंड यांची वाट धरणाऱ्या मुलींना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाखांची तूट होती; तेव्हा श्रीमंत देश आपल्या मुलींना बोलावीतच राहणार. परदेशी गेलेल्या माझ्या विद्यार्थिनी मला भेटावयास येतात, तेव्हा पगाराचा विषय पहिल्या पाच मिनिटांत संपतो. नंतर त्या बराच वेळ सांगत राहतात ते असे, की तेथे सकाळच्या राऊंडला डॉक्टर त्यांचे मत विचारतात आणि ते केसपेपरवर लिहून घेतले जाते.

या सभागृहात अनेक धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त बसले आहेत, हे मला ठाऊक आहे. सरकारी नियम बदलण्यास वर्षे लागतील. आपणांस तशी कोणाच्या मंजुरीची गरज नाही. आपल्या व्यवस्थापक मंडळात अधिसेविकेला मतासह स्थान द्या. पाळीतील परिचारिकांची संख्या ठराविक प्रमाणाखाली गेली, असे परिसेविकेने लेखी कळविले, तर अत्यवस्थ रुग्ण वगळता नवे रुग्ण घेणे त्या दिवसापुरते थांबवावे, असा ठराव करा. आणि परिचारिकांच्या पदांचा हिशेब अंदाजपत्रकात मांडला जाण्यापूर्वी त्यावर अधिसेविकेची सही घेत जा. पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हे तीन विषय घालावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.